पंधरावर माणसाचं तोंड दिसतं

मामंजी, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. घाटावर पिंड ठेवून भटजी मागं सरले न सरले तोच तो आला, आणि चोच मारून उडालासुद्धा. सगळ्यांना बरं वाटलं. ऊन चढायच्या आत घरी जायला मिळालं. तुमचे चुलतभाऊ साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं आले होते. ते म्हणाले, "सुटला गडी. कशात जीव अडकला न्हवता बघा." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी वरच्या पायरीवर बायकांत उभी होते. मला तुमचा राग आला. गेलेल्या माणसाचा, त्यातून सासऱ्याचा राग येणं बरं नव्हे, पण आला. तुमचा जीव कशात अडकला नव्हता? मग एवढी वर्षं उन्हातान्हात पुलाच्या उतारावर उभे राहून तुम्ही काय करत होता?

बबन ड्रायव्हर आला होता त्या दिवशी. आम्हां बायकांच्याही मागं, भिंतीला टेकून उभा होता, कारण ह्यांनी त्याला निरोप धाडला होता की घाटावर तोंड दाखवू नकोस. तरी आला. शेजारच्या गोदामावशींना त्यानं सांगून ठेवलं होतं, "कावळा आडला तर मला हाक मारा. मी पाण्यात उतरून शब्द देतो. पूल उतरल्यापासनं शाळेपर्यंत गाडी कवा पंधराच्या वर न्हेणार न्हाई. ही पोरंबी देतील." ट्रकच्या अड्ड्यावरचे दोघे-चौघे त्याच्यासोबत होते. तुम्ही कावळ्याला जरा वेळ अडवून धरला असता, तर लोकांनी आधी गावाकडच्या शेताचं बोलून पाहिलं असतं, मग तुमच्या नातीच्या, सुमनच्या लग्नाचं, आणि शेवटी कोणीतरी बबनला पुढं केलंच असतं. ह्यांच्या देखत. जे बोलायचं राहिलं होतं ते तिथंच, पाण्यात उभं राहून बोलून झालं असतं.

तुम्ही कोणाला काही बोलायची वेळच येऊ दिली नाहीत. जिवंतपणी दुसऱ्याला त्रास नको म्हणून दुखणी लपवलीत, तसंच हेही केलंत. म्हणून आता दुपारी घरात कोणी नसताना मी हे लिहिते आहे. तुमच्यासमोर माझा आवाज कधी धड निघाला नाही. आता तुम्ही समोर नाही, तर निघतो की काय ते पाहते.

तुम्ही मला बघायला लोणंदकडं आमच्या घरी आलात तेव्हा सासूबाईंनी भाकरी, रांगोळी, सगळं विचारलं. तुम्ही एकच विचारलंत, "वाचाय येतं का?" मी खाली बघून म्हटलं, "चौथी झालीय." तुम्ही म्हणालात, "मग पुरं." मला वाटलं, चांगला सासरा आहे, शिक्षणाची कदर आहे. लग्नानंतर कळलं की पलटणीत तुम्हाला इंग्रजी अक्षरं शिकवली होती, आणि मराठी चार ओळी वाचायच्या म्हटलं की तुम्हाला घाम फुटायचा. पोस्टातून आलेला कागद माझ्यापुढं ठेवायचा आणि स्वतः दाराकडं बघत बसायचं, जसं काही तुम्हाला त्यात रसच नाही.

सासूबाई गेल्या आणि तुम्ही साताऱ्याजवळचं गाव सोडून सांगलीला आमच्याकडं आलात. हे हळदीच्या पेठेत मुकादम, दिवसभर बाहेर. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सुमनचं बोट धरून तिला शाळेत सोडायला निघालात आणि थोड्या वेळानं दोघंही परत आलात. मी विचारलं, काय झालं? तुम्ही टोपी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणालात, "रस्ता वलांडताच येईना."

ज्या माणसानं उभी हयात डोंगरातल्या वाटांवर पलटणीची गाडी हाकली, त्याला घरासमोरचा रस्ता ओलांडता येईना. मला हसू आलं होतं, मी पदराआड लपवलं. पण रस्ता तसाच होता. आष्ट्याकडून येणारे ट्रक पूल ओलांडून उताराला लागले की ब्रेकला पायच लावत नसत. उसाच्या हंगामात तर कारखान्यावर नंबर लागायचा म्हणून एकमेकांच्या पुढं काढायची घाई. अलीकडं आमच्या घरांची ओळ आणि पाण्याचा नळ, पलीकडं, थोडं पुढं शाळा. पोरं रस्त्याकडंला चिमण्यांसारखी गोळा व्हायची आणि एखादी फट मिळाली की एकदम पळत सुटायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. तुम्हाला झाली नाही.

तुम्ही म्हणालात, "आमच्या छावणीत गेटाच्या आत पंधरा मैल. पाटीच हाय. साहेबाची गाडी असली तरी पंधरा. आत माणसं चालत्यात म्हणून." आणि मग मला अर्ज लिहायला बसवलंत. मी लिहिला. तुम्ही तो घेऊन कचेरीत गेलात, मला बरोबर नेलंत, कारण त्यांनी काही वाचायला दिलं तर कोण वाचणार? रस्त्यानं मी नेहमीप्रमाणे तुमच्या चार पावलं मागं चालत होते. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "मागं नगं. माझ्या डाव्या अंगाला ये, गटाराकडनं." सासऱ्याच्या शेजारी चालायची मला एवढी लाज वाटली की पूर्ण रस्ताभर मी गटारात बघत चालले. तुम्ही मात्र गाड्यांच्या बाजूला सरळ चालत होता.

कचेरीतला कारकून भला माणूस होता. त्यानं तुम्हाला खुर्ची दिली. म्हणाला, "हवालदार, रस्ता आमचा नाही, वरच्या खात्याचा. आणि पाटी लागायला आधी काहीतरी घडायला लागतं. तिथं काही घडलंय का?"

तुम्ही म्हणालात, "घडल्यावर पाटी कशाला? घडल्यावर फोटोला हार लागतोय."

तो कसनुसा हसला. अर्ज घेतला. पाटी आजपर्यंत लागलेली नाही.

मग तुम्ही स्वतःच उतारावर उभे राहू लागलात. खाकी सदरा, हात आडवा करून वर-खाली हलवायचा, सावकाश, सावकाश. ड्रायव्हर कॅबिनमधून ओरडायचे, "ए पंधरा मैल, बाजूला हो!" एकानं तर विचारलं, "हवालदार, आता मैल गेलं, किलोमीटर आलं. किलोमीटरात सांगा की!" तुम्ही म्हणालात, "तू आदी मैलात तर हळू हो, किलोमीटराचं मागनं बघू." सुमनच्या शाळेतली पोरंसुद्धा तुम्हाला पंधरा मैल आजोबा म्हणायला लागली. हे घरी येऊन चिडायचे. "आबा, पेठेत लोक मला 'पंधरा मैलाचं पोरगं' म्हणत्यात." तुम्ही शांतपणे भाकरी मोडत म्हणायचा, "मग बरं हाय की. लक्षात तरी ऱ्हायलं."

त्यानंतर शेंदराचं प्रकरण झालं. त्यावर आपला वाद अर्धाच राहिला आहे, म्हणून ते लिहितेच.

एका सकाळी एक ट्रक नळाला घासून गेला. पाण्याच्या रांगेतल्या घागरी चेपल्या, बायका वाचल्या. गोदामावशींनी त्याच अमावास्येला पेठेतून शेंदूर आणला आणि उताराच्या कडेचा मैलाचा दगड तेलशेंदरानं माखून काढला. वर एक लिंबू, समोर नारळ. म्हसोबा झाला. आणि मामंजी, दुसऱ्या दिवसापासून गाड्या हळू झाल्या! ड्रायव्हर लांबून दगड बघायचे, वेग कमी करायचे, मान लववायचे आणि पुढं जायचे. गोदामावशी कंबरेवर हात ठेवून तुम्हाला म्हणाल्या, "काय हवालदार, तुमच्या अर्जाला जमलं न्हाई ते माझ्या शेंदरानं केलं का न्हाई?"

त्या दिवशी तुम्ही जेवताना मला विचारलंत, "तुला काय वाटतं गं?" माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मला काय वाटतं हे त्या घरात कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी चुलीकडं तोंड करून म्हटलं, "आवं मामंजी, हळू तर झाली की वाहनं."

"दगडाला बघून झाली."

"कुणाला का बघून होईनात."

तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवलात. "त्या दगडाच्या बाजूला पोर उभं असंल, तर ते त्यास्नी दिसत न्हाई. दगड दिसतोय. समजलं का?"

मला समजलं नव्हतं. समजलं ते बबनमुळं. बबन तेव्हा नुकताच एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवायला लागला होता. तो उतारावरून आला, दगड दिसताच त्यानं दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि मान खाली घातली. तेवढ्यात ट्रक सुखासुखी उजवीकडं वळला आणि शाळेच्या भिंतीला जाऊन टेकला. भिंतीचा गिलावा पडला. पोरं वर्गात होती म्हणून बरं. तुम्ही धावत जाऊन ट्रकच्या पायरीवर चढलात आणि त्याची कॉलर धरलीत.

"दोन्ही हातांनी नमस्कार? स्टेरिंग कोण धरणार हुतं रं, म्हसोबा?"

बबन पांढराफटक पडला होता, पण बोलायचं ते बोललाच, "आवं हवालदार, देवाला एका हातानं नमस्कार चालतोय व्हय?"

नळावरच्या सगळ्या बायका हसल्या. गोदामावशी हसता हसता रडायला लागल्या. त्यांनीच दुसऱ्या दिवशी काथ्या आणि राखेनं तो दगड घासला. खाचांतला शेंदूर अजून निघालेला नाही.

तुमचं खरं ठरलं. पण मामंजी, माझंही सगळं खोटं नव्हतं. माणसं भीतीनं का होईना, हळू झाली होती. पाटीला तरी ती कशानं हळू होणार होती? दंडाच्या भीतीनंच ना? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि त्यावर मी काय म्हटलं असतं तेही मी जुळवून ठेवलं होतं. राहिलं.

तुम्ही बबनला मालकाकडं ओढत नेलं नाहीत. त्याच्या शेजारी कॅबिनमध्ये जाऊन बसलात. पूल ते शाळा, शाळा ते पूल. सुमन आणि मी नळावरून बघत होतो. नंतर बबननं तो किस्सा अड्ड्यावर इतक्या वेळा सांगितला की मला पाठ झाला आहे. तुम्ही त्याला पंधरावर गाडी घ्यायला लावली आणि विचारलं, "ती बाई दिसती का?"

"दिसती."

"तिचं तोंड?"

"दिसतंय की. पान खाती."

मग म्हणालात, "आता तुझ्या चालीनं घे." बबननं नेहमीसारखा वेग घेतला. परत विचारलंत, "काय दिसलं?"

"हिरवं लुगडं."

"आन् तोंड?"

"तोंड न्हाई दिसलं."

"ती तुझी आई आसती तरी तुला कळलं नसतं," तुम्ही म्हणालात. "पंधरावर माणसाचं तोंड दिसतं. एकदा तोंड दिसलं की पाय आपसूक ब्रेकवर जातोय. त्याला म्हसोबा लागत न्हाई."

त्या दिवसापासून बबन पूल उतरला की पंधरावर यायचा. मागचे भोंगे वाजवायचे, शिव्या घालायचे, पण रस्ता अरुंद, त्यालाच पुढं धरून सगळ्यांना हळू यावं लागायचं. तुम्ही हात हलवायचं सोडून नुसते उभे राहायला लागलात. पोरं चालत रस्ता ओलांडायला लागली. चालत, मामंजी. ते बघताना मला किती बरं वाटायचं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सुमनला सोडून तुम्ही परत आलात की मी चहात साखर जरा जास्त घालायचे, एवढंच.

आता त्या दिवसाचं लिहिते.

सकाळपासून तुम्ही छाती चोळत होता. मला म्हणालात, "पित्त झालंय, सुंठ दे." मी सुंठ दिली. दुपार कलली तेव्हा तुम्ही अंगणात खाली बसलात आणि उठलाच नाहीत. गोदामावशींनी पेठेत निरोप धाडून ह्यांना बोलावलं. बबनचा ट्रक रिकामाच कोपऱ्यावर उभा होता. मागच्या हौद्यात गादी टाकून तुम्हाला निजवलं, मी तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि हे पुढं बबनच्या शेजारी बसले. हे सारखे ओरडत होते, "जोरात घे, बबन, जोरात घे." बबन जोरात घेत होता. हौदा उडत होता. तुमचं डोकं आपटू नये म्हणून मी दोन्ही हात खाली धरले होते.

शाळा सुटायची वेळ होती. मला हौद्याच्या फळ्यांवरून फक्त आभाळ दिसत होतं, पण पोरांचा गलका ऐकू आला. तुम्हालाही आला. तुम्ही डोळे उघडलेत, हात वर केलात आणि कॅबिनमागच्या फळीवर थाप मारलीत. उघड्या तळव्यानं, दमानं. थोडं थांबून परत. गावाकडून ज्वारीची पोती आणताना तुम्हीच मला सांगितलं होतं, मागं बसलेल्या क्लिनरनं मुठीनं ठोकलं की थांबायचं, आणि तळव्यानं अशी थाप मारली की हळू घ्यायचं. ड्रायव्हरला वळून बघावं लागत नाही.

बबननं वळून बघितलं नाही. गाडी हळू झाली. पोरांचा गलका दोन्ही बाजूंनी जवळून गेला. पुढून ह्यांचा आवाज येत होता, "आरं घे की जोरात! घे की!" गलका मागं पडल्यावर गाडीनं परत वेग घेतला. तुमचा हात फळीवरून खाली आला. नंतर तो हात काही उठला नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं." ते सकाळबद्दल बोलत होते. मला तसंच वाटतं. पण ह्यांनी ते रस्त्याबद्दल ऐकलं. शाळेसमोरचे ते क्षण ह्यांच्या डोक्यात जाऊन बसले. बाहेर येऊन ह्यांनी बबनच्या छातीत हात मारला. "मागनं माझी बायको फळी बडवत हुती, लवकर चल म्हणून, आन् तू पंधरावर आलास! माझा बाप मरत हुता आन् तू त्याचाच पंधरा मैल दाखवत हुतास!"

मी तिथंच उभी होते. बबननं माझ्याकडं बघितलं. ती थाप माझी नव्हती हे त्याला माहीत होतं, घाबरलेली बाई तशी फळी वाजवत नाही. तो एवढंच म्हणाला, "चुकलं, संपतदा." आणि निघून गेला.

मी का बोलले नाही? तुमच्या मुलाला, बाप गेल्याच्या दुसऱ्या क्षणाला, कसं सांगू की त्याच्या बापानंच गाडी हळू केली? ह्यांना कोणावर तरी रागवायला हवं होतं. मला वाटलं, दिवस जातील, राग निवेल. दहाव्याला कावळा अडेल, बबन पाण्यात उतरेल, तिथं काहीतरी होईल.

काही झालं नाही. आणि राग निवला नाही. हे रोज गोदाम उघडायच्या आधी अड्ड्यावर चहाला बसतात, तिथं सांगायला लागले, "माझ्या बापाला पंधरा मैलानं खाल्ला." ज्यांना हळू चालवायचा कंटाळा होता त्यांना हे बरंच झालं. मालकानं उशीर का म्हणून विचारलं तर आता उत्तर द्यायला नको. मग एके दिवशी एक ट्रक नळाजवळून असा गेला की गोदामावशींचा पदर उडाला. त्यांनी ओरडून शिवी दिली तर त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "हळू चालवून म्हातारा जगला काय?" बबन हळू झाला की बाकीचे ड्रायव्हर कडेच्या मातीत चाकं उतरवून त्याच्या पुढं काढायला लागले. त्याच दिवशी सुमन शाळेच्या वाटेवरून परत आली. रडत नव्हती. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, वलांडताच येईना."

तेच शब्द, मामंजी. त्याच जागी उभं राहून.

मी त्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "फळी मी वाजवली नव्हती. मामंजींनी वाजवली." हे म्हणाले, "बबनला वाचवायला बोलतीस." आणि चप्पल घालून तडक बबनकडं विचारायला गेले. परत आले ते म्हणाले, "बबन म्हणतोय, न्हाई, मीच हळू घेतली. झालं समाधान?"

बबन खोटं बोलला, मामंजी. ह्यांच्यासाठीच बोलला. बापानंच असं केलं हे मुलाला कळू नये म्हणून त्यानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. तुमच्या हाताखाली शिकलेला ना. आणि ह्यांच्या लेखी खोटी मी ठरले.

दुसऱ्या दिवशी सुमनला कडेवर घेऊन रस्ता ओलांडला. एवढी मोठी पोरगी, लाजली. तिला शाळेत सोडलं आणि घरी न येता अड्ड्याकडं वळले. तिथं बाईमाणूस जात नाही. बाकड्यांवर सगळे चहा घेत होते, हेही होते, बबन लांब त्याच्या ट्रकच्या चाकाशी बसला होता. मला बघून कोणीतरी म्हणालं, "वैनी, तुमी कशाला आलासा इथं?" हे उठले. "घरी जा."

मी म्हटलं, "जाते." माझाच आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. "पण बबनभाऊ खोटं बोलत्यात. फळी मी वाजवली न्हाई. माझे दोन्ही हात मामंजींच्या डोक्याखाली हुते."

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कशी वाजली हुती, वैनी?"

मी बबनच्या ट्रकपाशी गेले. तळवा उघडा धरून फळीवर थाप मारली. जरा थांबले. परत मारली. तो आवाज तिथल्या कोणाला समजावून सांगावा लागला नाही. बबननं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. म्हातारा ह्यांना म्हणाला, "संपत, हे हवालदाराचंच हाय रं. बाईला कुठनं ठावं?" हे माझ्या हाताकडं बघत होते, ट्रकच्या फळीवर तो अजून तसाच होता. मग गोदामाकडं चालू लागले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर काय झालं ते सांगते, फार काही झालं नाही. त्या म्हाताऱ्याच्या गाड्या आणि बबन पूल उतरला की हळू होतात. काही होत नाहीत. गोदामावशींचा पदर उडवणारा तो ड्रायव्हर अजून तसाच जातो. मी आणि गोदामावशी शाळेच्या वेळेला उतारावर उभ्या राहतो. मावशी शिव्या देतात. मी हात आडवा करून हलवते, पदर दातात धरून. मला कोणी काही नाव ठेवलं असेल तर ते माझ्या कानावर आलेलं नाही.

ह्यांनी काल बबनला घरी आणलं. दोघं जेवायला बसले, एकमेकांशी बोलले नाहीत, पण बसले. भात वाढताना हे एकदम म्हणाले, "आबानं असं कराय नगं हुतं." बबननं मान खाली घातली. हे परत म्हणाले, "आपला इचार केला न्हाई त्यानं. पोरांचा केला. आमचा कवा केला?" आणि डोळे पुसायला उठून मोरीवर गेले.

आता राग तुमच्यावर आहे, मामंजी. मीच तो बबनवरून काढून तुमच्याकडं वळवला. तुम्ही तिकडं बसून तो घ्या. बबनला रोज उतारावरून गाडी न्यायची आहे, त्याला एवढं ओझं झेपलं नसतं.